चुकांची भिंत

सातवी क म्हणजे शाळेची अडगळ, असं अहमदपूरच्या त्या शाळेत कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. वागायचे मात्र सगळे तसंच. अ तुकडीत शिष्यवृत्तीची पोरं, ब मध्ये अधली-मधली, आणि क मध्ये उरलेली. उरलेली म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तांड्यावरची, आईबाप ऊसतोडीला गेलेली, एस.टी. चुकली म्हणून दुसऱ्या तासाला घामाघूम होऊन पोचणारी, आणि ज्यांचे बाप शाळेत आले तर ऑफिसच्या दारात चपला काढून उभे राहतात अशी सगळी. ह्या पोरांना गणित जमणार नाही, हे शाळा जूनमध्येच ठरवून टाकायची. मग वर्षभर तेवढं सिद्ध करून दाखवायचं काम उरायचं.

ही तुकडी नव्या शिक्षकाच्या गळ्यात मारायची रीत होती. लुंबिनी सोनकांबळेनं ती मागून घेतली.

स्टाफरूममध्ये चहाचे कप हातातच राहिले. "पालथ्या घड्यावर पाणी, मॅडम," एकानं समजावलं. "मग घडा सुलटा करून बघते की," ती म्हणाली आणि खडू उचलून गेली. अशी ही बाई. वय अडतीस, उंची जेमतेम, आवाज दोन वर्ग ओलांडून जाणारा. तिचा नवरा सुगत तहसील कचेरीत कारकून होता. तो म्हणायचा, घरात तूच जिंकतीस, शाळेत तरी कुणाला जिंकू दे. त्यावरही तीच जिंकायची.

क तुकडी मिळाल्यावर पहिल्याच दिवशी तिनं वर्गाला विचारलं, "वजा सात वजा दोन किती?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "अधिक नऊ!" का, विचारलं तर तेही तयार होतं. पोरं डोलत म्हणाली, "वजा वजा अधिक, वजा अधिक वजा!" हा मंत्र त्या शाळेत पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. गुणाकाराचा नियम बेरजेला लावला काय नि शेंडीला बांधला काय, कुणाला फरक पडत नव्हता. सूर चुकला नाही म्हणजे गणित आलं.

शाळा जुनाट होती असंही नाही. वर्षापूर्वीच संस्थेचे सचिव किशनराव यांनी फीत कापून 'डिजिटल क्लास' सुरू केला होता. भिंतभर टीव्ही आणला होता. त्यात एक हिरवा पोपट उड्या मारत हेच "वजा वजा अधिक" गाऊन दाखवायचा. पाहुणे आले की टीव्ही लागायचा, गेले की त्यावर फडकं. घोकंपट्टी तीच होती, आता रंगीत झाली होती, आणि तिला आधुनिक शिक्षण म्हणून फ्लेक्सवर जागा मिळाली होती. लुंबिनीला त्या पोपटाचा मनापासून राग यायचा. बिचाऱ्या पक्ष्याचा काय दोष म्हणा, पण यायचा.

तिनं वर्ग मैदानात नेला. कबड्डीच्या रेघा मारायची फक्की खेळाच्या सरांकडून मागितली, त्यांनी दिली नाही, म्हणून स्वतःच्या पैशानं पिशवी आणली आणि मैदानावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत संख्यारेषा ओढली. मधोमध शून्य. एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण. "वजा सातवर उभी राहा," ती एकीला म्हणाली. "आता आणखी दोन पावलं मागं जा. कुठं आलीस?" पोरगी मागं गेली, खाली बघितलं आणि एकदम हसली. "वजा नऊ!" सगळी क तुकडी त्या रेघेवर नाचायला लागली. खेळाच्या सरांनी तक्रार केली. ती पहिली तक्रार.

तिचा एकच कडक नियम होता. उत्तर कुणीही सांगावं, पण त्यावर दुसऱ्यानं "कशावरून?" विचारायचं, आणि सांगणाऱ्यानं कारण द्यायचं. पुस्तकात आहे, गाईडात आहे, मॅडमनी सांगितलं, ही कारणं चालणार नाहीत.

हा हट्ट तिच्यात कुठून आला, ते सांगायला मुखेडला जावं लागतं.

मुखेडजवळच्या खेड्यात तिचे वडील व्यंकटी जिनिंगवर राखणदार होते, आई सरजाबाई रोजानं शेतात जायची. घरात पुस्तकं थोडी, पण वाद भरपूर. रविवारी विहारात वंदना झाली की व्यंकटी भंतेजींनाही अडवायचे, "हे तुम्ही सांगून राहिला, पण पटवून द्या." भंतेजी हसत पटवून द्यायचे. त्यामुळं प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा, हे लुंबिनीला घरी कुणी शिकवलंच नव्हतं. ते शाळेनं शिकवलं.

ती शाळा किशनरावांच्याच संस्थेची, मुखेडची. गणिताला विरूपाक्ष स्वामी सर. पांढरा सदरा, खडा आवाज, तास सुरू होण्याआधी फळा स्वतः ओल्या फडक्यानं पुसणारे. पोरं त्यांना भ्यायची आणि त्यांच्यावर जीवही टाकायची. लुंबिनीला ते फार आवडायचे. बारा वर्षांच्या त्या पोरीनं एकदा हात वर केला. "सर, वजा गुणिले वजा अधिक कसं काय होतं?"

"नियम आहे."

"कुणी केला, सर?"

वर्ग हसला. सरांनी तिला बाकावर उभं केलं. तास संपेपर्यंत ती उभी होती, आणि नंतर सगळं शिक्षण होईपर्यंत तिनं गणिताच्या तासाला तोंड उघडलं नाही. घोकलं, मार्क काढले, पुढं गेली. नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका प्राध्यापक बाईंनी सहज बोलता बोलता त्या नियमाचं कारण फळ्यावर चार ओळींत मांडलं. इतकं सोपं. इतर पोरींनी ते उतरवून घेतलं. लुंबिनी मात्र वसतिगृहात येऊन संतापानं रडली. एवढंसं कारण, आणि त्याच्यासाठी आपण इतकी वर्षं मुक्या राहिलो! पुढं बी.एड. केलं, विनाअनुदानित शाळांत बिनपगारी राबली, शेवटी अहमदपूरला लागली, तर ऑफिसात मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर कोण? स्वामी सर. ती वाकून पाया पडली. त्यांनीही "आली का माझी हुशार पोरगी," म्हणून पाठ थोपटली. दोघंही मनापासून.

आता क तुकडीला तिनं तो नियम सांगितलाच नाही. फळ्यावर एकाखाली एक लिहीत गेली. तीन गुणिले वजा पाच, वजा पंधरा. दोन गुणिले वजा पाच, वजा दहा. एक गुणिले वजा पाच, वजा पाच. शून्य गुणिले वजा पाच, शून्य. त्याखाली वजा एक गुणिले वजा पाच लिहून पुढची जागा मोकळी सोडली आणि जाऊन खिडकीशी उभी राहिली. वर्गात कुजबूज, मग भांडण, मग अंगद नावाचं एक किडकिडीत पोरगं ताडकन उठलं. "मॅडम, दर पायरीला पाच वाढून राहिले! आता अधिक पाचच येणार, दुसरं येऊच शकत न्हाई!" "कशावरून?" वर्ग ओरडला, आणि अंगद फळ्याकडं धावला. लुंबिनी खिडकीबाहेर बघत राहिली. डोळे पुसायला दुसरी जागा नव्हती.

मग आली ती भिंत. वर्गाच्या मागच्या भिंतीवर तिनं तक्ता लावला. वर मोठ्या अक्षरात 'चुकांची भिंत'. आठवड्यातली सगळ्यांत भारी चूक, करणाऱ्याच्या नावासकट, तिथं लागायची. भारी म्हणजे जिच्यावर वर्गाला सगळ्यांत जास्त डोकं खाजवावं लागलं ती. पोरं आधी लाजली, मग भिंतीवर नाव लागावं म्हणून भांडायला लागली. फुसकी चूक केली तर वर्गच म्हणायचा, "ह्याला काय अर्थ हाय? नीट चुक की!"

त्या आठवड्यात भिंतीवर मंजुश्रीचं नाव होतं. मंजुश्री ही किराणा दुकानदार माणिकप्पांची पोरगी. घरी खाऊनपिऊन सुखी, पण तोंडी परीक्षेत लवकर बोलत नाही म्हणून क मध्ये आलेली. माणिकप्पा काहीतरी कामानं शाळेत आले, खिडकीतून डोकावले आणि त्यांचं टाळकंच सटकलं.

"म्याडम, हे काय लावून ठिवलं? माझ्या पोरीचं नाव, अन् खाली चूक! चारचौघांत तोंड दाखवावं का नको मी?"

"आत या, माणिकप्पा. ही चूक बघा तरी."

तक्त्यावर लिहिलं होतं, एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश बरोबर दोन सप्तमांश. वरची बेरीज वर, खालची बेरीज खाली.

"मी तिला विचारलं कशावरून," लुंबिनी म्हणाली. "ती म्हणाली, कबड्डीत तीन मॅचमधली एक जिंकलो, मग चार मॅचमधली एक जिंकलो, तर सातातल्या दोन झाल्या."

माणिकप्पांनी बोटावर मोजलं. "मग बरोबरच हाय की हो!"

"मॅचला बरोबर हाय. पण पोत्यातली तिसरा हिस्सा साखर एका बाजूला काढली, त्यात चौथा हिस्सा आणखी घातला, तर ढीग वाढंल का कमी होईल?"

"वाढंल. कमी कसा होईल?"

"दोन सप्तमांश तर तिसऱ्या हिश्श्यापेक्षाबी कमी भरतात. हे मंजुश्रीनंच शोधलं, रेघा ओढून. मग वर्ग दोन दिवस भांडला, मॅचला चालतं ते साखरेला का चालत न्हाई म्हणून. इतकी चांगली चूक मला बी.एड.ला कुणी दाखवली नव्हती."

माणिकप्पांच्या कपाळावरची आठी थोडी सैल पडली, पण पुरती गेली नाही. "ते सगळं खरं. पण नाव कशाला लावायचं? अन् घरी पाहुण्यांनाबी कशावरून, कशावरून विचारून राहिली ती. आमच्या भावजींनी पंचांग सांगितलं, तर त्यांनाबी!" असं पुटपुटत ते गेले, आणि जाता जाता किशनरावांच्या घरावरून गेले. ही दुसरी तक्रार, आणि ही वजनदार होती. माणिकप्पा संस्थेला वर्गणी देणारे.

दुसऱ्या दिवशी स्वामी सरांनी तिला ऑफिसात बोलावलं.

"लुंबिनी, ती भिंत काढ. घटक चाचणीत क मागं पडली. पाढे पटापट येत नाहीत, सूत्रं येत नाहीत. पालक बोंबलून राहिलेत."

"चाचणीत वेगाला मार्क हाईत, सर. विचाराला न्हाईत."

"मला गणित शिकवू नको. माझ्या हाताखालची पोरं आज कुठं कुठं बसलीत, माहीत आहे ना? तूसुद्धा त्यातलीच."

"हाव सर. आमच्या वर्गातनं आम्ही चौघं-पाचजण पुढं गेलो. बाकीची कुठं बसली, ते कधी विचारलं का कुणी? त्यांना जन्मभर वाटत राहिलं, आपल्याला डोकंच न्हाई. त्यांना फकस्त कारण पाहिजे होतं."

सरांचा आवाज चढला. "कारण, कारण! वजा वजा अधिक का, हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून काय अडलं माझं?"

लुंबिनी त्यांच्याकडं बघतच राहिली. इतक्या वर्षांत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सरांना ठाऊक आहे आणि सांगत नाहीत, असंच ती धरून चालली होती. त्यांना ठाऊकच नव्हतं. तिला त्यांची कीव आली, आणि कीव येताच राग दुप्पट झाला, कारण ठाऊक नसलेला माणूसही बारा वर्षांच्या पोरीला बाकावर उभं करू शकतो आणि रात्री निवांत झोपू शकतो.

सर शांत झाले. "शनिवारी पालकसभा आहे. सचिव येणार. अ आणि क समोरासमोर बसवून तोंडी घेतो मी. तुझी पोरं टिकली तर गणित तुझ्याकडं राहील. नाहीतर सोमवारपासून तुला कार्यानुभव. कागदाची फुलं शिकव."

"चालंल, सर."

म्हणायला म्हणाली, पण शुक्रवारी शेवटच्या तासाला तिचा धीर सुटला. गणित गेलं तर ही पोरं परत त्या मंत्राच्या हवाली होणार, आणि आठवीपर्यंत त्यांच्या डोळ्यांतली ही चमक विझून जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. एकच दिवस, तिनं मनाशी म्हटलं, एकच दिवस घोकून घेऊ. सूत्रं, पाढे, पटापट. वर्गात गेली, खडू उचलला आणि म्हणाली, "सगळ्यांनी माझ्या मागं म्हणायचं." पोरांनी तोंडं उघडली. ती तोंडं तशी वासलेली बघून तिलाच कसंतरी झालं. "न्हाई, बंद करा," ती म्हणाली. "उद्या सर काय विचारतील, मला माहीत न्हाई. विचार करा, वेळ लागला तर लागू द्या, अन् कुणी हसलं तर हसू द्या."

शनिवारी सभागृहात पुढं खुर्च्या आणि मागं सतरंजी होती. अ च्या पालकांना खुर्च्या मिळाल्या. क चे पालक आपले आपण सतरंजीवर बसले, कुणी सांगावंही लागलं नाही. माणिकप्पा तक्रारदार असल्यामुळं त्यांना खुर्ची होती. कडक इस्त्रीचे किशनराव मधोमध बसले.

स्वामी सर फळ्यापुढं उभे राहिले आणि दहा वर्षांनी तरुण दिसायला लागले. त्यांनी प्रश्न टाकावा आणि अ तुकडीनं लाह्या फुटाव्यात तशी उत्तरं द्यावीत. मग ते क कडं वळले. "अंगद, तेरा सत्ते?"

"थांबा, सर," अंगद म्हणाला. "दहा सत्ते सत्तर... तीन सत्ते एकवीस... एक्क्याण्णव."

उत्तर बरोबर होतं, पण खुर्च्यांवर हशा पिकला. सतरंजीवर अंगदची आई नागाबाई पदर तोंडाला लावून खाली बघत बसली. असंच आणखी चार-पाच प्रश्नांना झालं. क ची पोरं उत्तर काढायची, पण काढून होईपर्यंत अ नं ते सांगून टाळ्याही घेतलेल्या असायच्या. किशनराव घड्याळ बघायला लागले. लुंबिनीचे कान तापले होते. हरलो, तिला वाटलं.

सर रंगात आले होते. "वजा आठ गुणिले वजा पाच?"

"चाळीस!"

"वजा सहा गुणिले वजा दोन?"

"बारा!"

"वजा आठ वजा पाच?"

"अधिक तेरा!" अ तुकडी गरजली. सरांच्या हातानं त्याच तालात फळ्यावर अधिक तेरा लिहिलं, खाली रेघ ओढली. टाळ्या पडल्या. किशनरावांनीही वाजवल्या.

क मधून एक हात वर आला. मंजुश्री. तोंडी परीक्षेत कधी न बोलणारी. "सर, हे कशावरून?"

"वजा वजा अधिक. बस खाली."

ती बसली नाही. "पण सर, आपण आधीच आठ पावलं मागं हाव. अजून पाच मागं गेलो, तर पुढं कसं काय येऊ?"

टाळ्या थांबल्या. खुर्चीवरचा कुणीतरी बाप्या म्हणाला, "बरोबर बोलून राहिली की पोरगी." स्वामी सर फळ्याकडं वळले. मग त्यांनी फडकं घेतलं, उत्तर पुसलं आणि वजा तेरा लिहिलं. मुद्दाम केलं होतं, परीक्षा बघत होतो, असं म्हणायला त्यांना कुणाची आडकाठी नव्हती. त्यांनी म्हटलं नाही. "चुकलं माझं," एवढंच बोलले. आता अ मधलं पहिल्या नंबराचं पोरगं रडकुंडीला आलं. "सर, मग वजा वजा अधिक कधी लावायचं अन् कधी नाही?" सरांनी खडू खाली ठेवला. ते खुर्चीत जाऊन बसले.

किशनराव हे हाडाचे व्यवहारी. वारा फिरला की त्यांचं तोंड आधी फिरायचं. ते उठून उभे राहिले. "सोनकांबळे मॅडम, शाब्बास! हिरा हाय आमच्याकडं, अन् आम्हालाच पत्ता न्हाई. सोमवारपासून तुम्ही अ तुकडीला. शिष्यवृत्तीची पोरं तुमच्या हाताखाली. क ला बघू दुसरं कुणी."

पुन्हा टाळ्या. खोटं कशाला बोला, लुंबिनीला बरं वाटलं. आजवर त्या संस्थेत तिला कुणी चारचौघांत शाब्बास म्हटलं नव्हतं. अ तुकडी, निकाल, फ्लेक्सवर फोटो. क्षणभर मन तिकडं धावलंही. मग तिनं सतरंजीकडं बघितलं. तिथं कुणालाच धक्का बसला नव्हता. चांगलं काही निघालं की ते पुढच्यांकडं जातं, ही रीत त्या माणसांच्या अंगवळणी पडलेली होती.

"न्हाई, सर," ती म्हणाली. "मी क सोडणार न्हाई."

"अहो, बढती देऊन राहिलो तुम्हाला!"

"मी मागितली न्हाई. ही पोरं बोलायला लागलीत, आता मी त्यांना सोडून जाणार न्हाई."

किशनरावांचं हसू मावळलं. भर सभेत 'न्हाई' ऐकायची त्यांना सवय नव्हती. "मग गणित सोडा, मॅडम. सोमवारपासून कार्यानुभव. संस्था मी चालवतो."

"किशनराव!" खुर्ची कर्रकन मागं सरली. माणिकप्पा उभे राहिले होते. "मी तक्रार घेऊन आलो होतो. खरं हाय. माल खराब हाय म्हणून परत द्यायला आलो, अन् तुम्ही उघडून बघितला, चांगला निघाला, तर दुसऱ्याच्याच गाडीत भराया लागलात व्हय? माझी पोरगी काय रिकामा बारदाना हाय?"

"माणिकप्पा, बसा. आपण नंतर बोलू."

"नंतर न्हाई. म्याडम क ला शिकवत नसतील, तर माझ्या पोरीचा दाखला काढून ठिवा. दुसऱ्या शाळेत घालतो."

तेवढ्यात सतरंजीवरून नागाबाई उठली. तिचा पदर आता तोंडावर नव्हता. "माझ्याबी अंगदचा द्या मग. सही येत न्हाई मला, अंगठा देते."

"आमच्याबी," मागून कुणी म्हणालं. "अन् माझ्या दोघींचा." सतरंजीवरची माणसं एकेक करून उभी राहायला लागली.

आता हे गणित किशनरावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पट आता आधार कार्डावर मोजतात, खोटी नावं भरता येत नाहीत. क ची पोरं गेली की पट पडतो, पट पडला की तुकडी तुटते, तुकडी तुटली की शिक्षकांची पदं जातात, आणि त्यातल्या एका पदावर त्यांचा स्वतःचा भाचा होता. वर्षानुवर्षं उरलेली म्हणून मागं बसवलेली ही पोरंच शाळेच्या छपराखालचे खांब होती. ते सतरंजीला आज पहिल्यांदा कळलं, आणि सतरंजीला कळलंय, हे किशनरावांना कळलं.

"अरे, बसा, बसा!" ते हात जोडून हसले. "चेष्टेनं बोललो मी. मॅडम क लाच राहतील. माझी का ना हाय?"

सभा संपल्यावर ऑफिसात चहा आला. किशनराव बशीत ओतून भराभर पीत होते. स्वामी सर आपल्या खुर्चीत, कप तसाच पुढं. लुंबिनी उभीच होती.

"झालं का मनासारखं?" किशनरावांनी विचारलं.

"अर्धं झालं, सर. पुढच्या वर्षीपासून अ, ब, क मोडायचे. चिठ्ठ्या टाकून तुकड्या पाडायच्या. आज अ ची पोरंबी कशी अडकली, तुम्ही बघितलं. त्यांचंबी नुकसानच होऊन राहिलंय."

किशनरावांना ठसका लागला. "बोट दिलं तर हात धरायला लागलात हो तुम्ही! हे असलं मला विचारू नका. हेडमास्तर ठरवतील," असं म्हणत त्यांनी बशी ठेवली आणि गाडीकडं सटकले.

ऑफिसात दोघंच राहिले. स्वामी सरांनी गार झालेला कप बाजूला सारला.

"पुढच्या वर्षी मी रिटायर होतो, लुंबिनी," ते म्हणाले. "त्यानंतर जो येईल, त्याच्याकडनं करून घे. ह्या तुकड्या मीच पाडल्या. माझ्या हातानं मोडायला लावू नको."

"तुम्ही पाडल्या म्हणूनच तुम्ही मोडा, सर. मला दुसऱ्या कुणाची सही नको."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर उद्या परत येते."

"उद्या रविवार आहे."

"मग घरी येते, सर."